रात्री तिथे करायचं काय?

गेल्या महिन्यात याच पानावर मी मालदीवच्या वस्तीच्या बेटांबद्दल चार ओळी लिहिल्या होत्या. रिसॉर्टच्या मानाने खर्च खूप कमी, समुद्र तोच, फक्त दारू औषधालाही मिळत नाही, इतकंच. त्यावर सतरा पत्रं आली! भाडं किती, बोट कुठून, असं विचारणारी त्यातली तीन. बाकी सगळ्यांना रात्रीची काळजी. म्हणून या वेळी फक्त रात्रीचीच उत्तरं देते.

प्रश्न : ताई, आम्ही डोंबिवलीची दोन जोडपी. डिसेंबरात मालदीवच्या माफुशी बेटावर सहा रात्री बुक केल्यात, पैसेही भरून झाले. तुमचा लेख वाचल्यापासून माझा नवरा आणि त्याचा मित्र सुतक असल्यासारखे बसलेत. दिवसा समुद्र आहे हे कबूल. पण अंधार पडल्यावर काय? आठ वाजता झोपायला एवढ्या लांब जायचं का?

तुमच्या नवऱ्याचं तोंड मला इथे गिरगावात बसून दिसतंय, कारण तेच तोंड मी २०१९ साली माफुशीच्या एका गेस्टहाऊसच्या पायरीवर पाहिलंय. आमचे हे शनिवारी दोन पेग घेतात. दोन म्हणजे दोनच, तिसऱ्याला हात लावत नाहीत, पण त्या दोनांत खंड पडला की घरातल्या सगळ्यांना कळतं. आणि आम्ही पोचलो तो नेमका शनिवार.

आधी हे असं का आहे ते सांगते, म्हणजे रागवायचं कोणावर ते ठरवता येईल. मालदीवमध्ये पहिलं रिसॉर्ट, कुरुंबा, १९७२ मध्ये सुरू झालं. पुढे बरीच वर्षं नियमच असा होता की पाहुणे रिसॉर्टच्या बेटावर आणि गावकरी आपापल्या गावात. रिसॉर्टला दारूचा परवाना, गावाला देशाचा कायदा, आणि तो इस्लामी. २००९-१० च्या सुमारास गावांत गेस्टहाऊस काढायला परवानगी मिळाली आणि आपल्यासारख्यांना ते निळं पाणी परवडायला लागलं. पण गाव गावच राहिलं. आपण तिथे जातो ते कोणाच्या तरी आळीत भाड्याने खोली घेतल्यासारखे. आळीतल्या लोकांची संध्याकाळ आपण यायच्या आधीपासून चालू आहे.

ती कशी चालते ते पाहा. सहा-सव्वासहाला सूर्य बुडतो, बांग होते, दुकानदार दारावर छोटी पाटी अडकवून पंधरा-वीस मिनिटं निघून जातात. पुन्हा उघडतात. तास-सव्वा तासाने शेवटच्या नमाजाला पुन्हा तेच. पहिल्या दिवशी ह्यांना पाण्याची बाटली हवी होती, नेमके दोन्ही वेळा बंद दारासमोर जाऊन उभे राहिले. पर्यटक इथेच फसतो. आठ वाजता अंधारे रस्ते बघून त्याला वाटतं संपलं सगळं, आणि तो खोलीत जाऊन एसी लावतो. गाव जागं होतं त्यानंतर.

त्या शनिवारी नऊच्या सुमाराला हे पायरीवरून उठले आणि ‘जरा चक्कर मारून येतो’ म्हणून गेले. साडेदहा वाजले तरी पत्ता नाही. बेट केवढं, तर या टोकापासून त्या टोकाला चालत जेमतेम पंधरा-वीस मिनिटं. माणूस हरवणार कुठे? पण बाजूला समुद्र, आणि ह्यांना पोहता येत नाही. मी निघाले शोधायला.

धक्क्यावर एक उघडी शेड होती. तिच्या तुळईवरून वायरीने एक ट्यूब खाली सोडलेली, ट्यूबखाली कॅरम, आणि कॅरमभोवती आठ-दहा डोकी. त्यातलं एक टक्कल माझ्या ओळखीचं! समोर पंधरा-सोळा वर्षांचा पोरगा, फुटबॉलची जर्सी घातलेला. भाषा एकाची दुसऱ्याला येत नाही. पण राणी घेतली की लगेच कव्हर घालावं लागतं, हे दोघांनाही ठाऊक. त्यांची पावडर संपत आलेली, कोणीतरी घरून टाल्कमचा डबा आणला होता, त्यामुळे सोंगट्या अडखळत होत्या आणि प्रत्येक चुकलेल्या फटक्याचं खापर टाल्कमवर फुटत होतं. अगदी आमच्या चाळीच्या गॅलरीतल्यासारखं. एक लहानगा बाजूला उकिडवा बसून सोंगट्या मोजत होता : एके, दे, तिने, हतरे, फहे. मी दचकलेच. त्यांची भाषा धिवेही, सिंहलीची बहीण, म्हणजे आपल्याच मोठ्या खटल्यातली. एक-दोन-तीन ऐकलं की नातं कळतं, पुढे मग सगळा अंधार.

मी आले ती रागावायला, बसले जोलीवर. लोखंडी नाहीतर लाकडी चौकटीला दोऱ्यांची जाळी ताणून केलेली बैठक, तिला ते जोली म्हणतात. आपल्या झोळीची आठवण यावी असं नाव, आणि बसल्यावर खाली बुडतही तसंच. चार-पाच एका रांगेत जोडलेल्या असतात. शेजारच्या जोलीत एक आजी सुपारीची कात्रणं करत बसल्या होत्या, कागदासारखी पातळ. त्यांनी पान, चुना आणि एक लवंग पुढे केली. मी घेतलं. पुढचा पाऊण तास आम्ही दोघी काही न बोलता आपापल्या नातलग पुरुषांचा खेळ बघत होतो. घरी जायला पावणेबारा झाले. ह्यांच्या शर्टावर पोटापर्यंत पांढरी पावडर होती, आणि शनिवार आहे हे त्यांना दुसऱ्या दिवशी आठवलं.

तेव्हा तुमच्या दोघा सुतकी मंडळींना सांगा, की नऊनंतर धक्क्यावर जा, मैदानावर जा. दिव्यांच्या उजेडात फुटबॉल चालतो, बायका-मुली बाशी नावाचा खेळ खेळतात, त्यात टेनिसची रॅकेट आणि चेंडू असतो. आणि चहाच्या दुकानात बसा, हे तर नक्कीच. संध्याकाळच्या खाण्याला तिथे हेधिका म्हणतात : बाजिया म्हणजे थेट आपल्या समोशाचा भाऊ, गुळा म्हणजे मासळी-खोबऱ्याचे तळलेले गोळे, मासरोशी म्हणजे तेच सारण भरलेली छोटी पोळी. बहुतेक सगळ्यात टुना आणि खोबरं, म्हणून शाकाहारी असाल तर आधी विचारा. जुन्या पद्धतीच्या दुकानात बशा मागवायच्या नसतात, टेबलावर मांडूनच ठेवतात, खाल तेवढ्याचे पैसे. लहानपणी धोबीतलावच्या एका इराण्याकडे मस्का-खारी अशीच मांडलेली असायची, आणि आम्ही भावंडं हात मांडीखाली दाबून बसायचो.

बोडुबेरू आठवड्यातून एखाददुसऱ्या रात्री कुठल्या ना कुठल्या गेस्टहाऊसच्या अंगणात असतं. बोडु म्हणजे मोठा, बेरू म्हणजे ढोल. नारळाच्या खोडाचे ढोल, सुरुवात इतकी संथ की जांभई यावी, आणि अर्ध्या तासात विसर्जनाच्या मिरवणुकीची लय. गिरगावकराला नाचायला वेगळं आमंत्रण लागत नाही. पर्यटकांसाठी मांडलेला खेळ आहे हे मान्य, पण ढोल खोटा नाही.

रात्रीची मासेमारी मात्र चुकवू नका. गळाला दोरी, दोरीला शिसं, काठीबिठी काही नाही. होडीला तिथे धोनी म्हणतात, त्यावरचे विनोद तुमच्या आधी सगळ्यांनी करून झालेत. इंजिन बंद झालं की एवढी शांतता होते, की दोरीचा हिसका कोपरापर्यंत ऐकू येतो. सापडलेला मासा परत आल्यावर भाजून देतात. माझ्या गळाला पहिल्या दिवशी फक्त प्रवाळ लागलं.

आता स्पष्टच बोलते. एवढं सगळं वाचूनही ‘पण ग्लास नाही’ हेच मनात येत असेल, तर मन मारू नका, सहलीचा विचका होईल. माफुशीच्या समोर समुद्रात बार असलेली मोठी बोट नांगरून असते, धक्क्यावरून छोटी होडी नेते-आणते. तिथे पिणं कायदेशीर आहे. फक्त परत आल्यावर गावातून आरडाओरडा करत जायचं नाही. नाहीतर एक दिवस शेजारच्या रिसॉर्टची दिवसभराची सहल घ्या, जेवण आणि पेयं धरून मिळते. आणि सहा रात्री माफुशीत हे मलाही जास्तच वाटतात. जमलं तर दोन रात्री वळवून धिगुरासारख्या लांबच्या बेटावर जा. ते एक लांबट, झाडीचं बेट आहे आणि जवळच्या पाण्यात व्हेल शार्क दिसतात. परतीच्या दिवसाचा वार मात्र बघा. शुक्रवार तिथली सुट्टी, आम्ही गेलो तेव्हा त्या दिवशी सरकारी फेरी चालत नव्हती. आमच्या एजंटाने हे सांगितलं नव्हतं. विमान चुकू नये म्हणून स्पीडबोटीला मोजलेले डॉलर मी अजून घरखर्चात कुठे टाकायचे ते ठरवतेय.

प्रश्न : शाम्पूच्या बाटलीतून थोडी व्होडका नेली तर कळतं का? (नाव छापू नये. लोअर परळ.)

नाव छापत नाही, पण अक्कल तर वापराल की नाही? विमानतळावर सामान एक्स-रेतून जातं आणि ते लोक हेच शोधायला बसलेले असतात. आमच्या ह्यांनी चोरूनही नाही, उघडपणे, मुंबईच्या ड्युटी फ्रीमधून एक बाटली घेतली होती. मालेच्या विमानतळावर ती काढून घेतली, पावती दिली, आणि परतीच्या दिवशी सीलबंद परत केली. ती बाटली आमच्याबरोबर गेली, आमच्याशिवाय राहिली आणि आमच्याबरोबर आली. तुमची शाम्पूची बाटली सापडली तर पावती मिळेल अशी खात्री मी देणार नाही. डुकराच्या मांसाचे पदार्थही नेता येत नाहीत. आणि हे खास आपल्या मंडळींसाठी : पूजेच्या मूर्तींनाही मनाई आहे. पर्सच्या कप्प्यात कायमचा बसलेला पितळी गणपती निघण्याआधी घरच्या देव्हाऱ्यात ठेवा.

आणि मालदीवला नावं ठेवण्याआधी एक लक्षात घ्या. आपल्या राज्यातही दारूबंदीचा १९४९ चा कायदा अजून जिवंत आहे, कागदोपत्री पिणाऱ्याला परवाना लागतोच. ‘परमिट रूम’ हे नाव काय उगीच पडलं? तुमच्याकडे आहे का परवाना?

प्रश्न : मी आणि माझी मैत्रीण, दोघी पार्ल्याच्या, वय २७. दोघींनीच जायचं आहे. घरचे म्हणतात, कडक देश, बुरख्यातल्या बायका, रात्री बाहेर पडाल तर लोक बघतील. आम्ही पोहण्याचे कपडे घालू शकतो का? रात्री फिरू शकतो का?

लोक बघतात. मीही गिरगावात नवीन माणूस दिसला की बघते.

पोहण्याच्या कपड्यांसाठी वेगळा किनारा आखून दिलेला असतो, त्याला सरळ बिकिनी बीच म्हणतात, पाटी असते, बऱ्याच ठिकाणी झावळ्यांचं कुंपण किंवा झाडांची आडोशाची रांग. त्या किनाऱ्यावर काय घालायचं ते घाला. तिथून बाहेर पडताना खांदे आणि गुडघे झाकले म्हणजे झालं. लोक चुकतात ते नेमकं इथे, आईस्क्रीम आणायला तसेच ओलेते दुकानात जातात. बाकीच्या किनाऱ्यावर गावातल्या बायका पूर्ण कपड्यांत पाण्यात शिरतात, जुहूला आपल्या मावश्या पंजाबी ड्रेसमध्ये शिरतात तशाच. तुम्हीही लेगिंग आणि टी-शर्ट घालून तिथे बिनधास्त डुंबा. माझ्या बघण्यात मैत्री तिथेच झाली. कुंपणाच्या आत सगळे युरोपी लोक उन्हात पालथे पडलेले असतात, बोलणार कोणाशी?

रात्री फिरायचं म्हणाल तर मी एकटी धक्क्यावर गेले ते वर सांगितलंच. रस्ते वाळूचे, स्कूटर सोडल्या तर वाहन कमी, बायका-मुलं उशिरापर्यंत दारात. दारू नाही याचा एक फायदा पुरुषांना पटकन सुचत नाही, तुम्हाला लगेच सुचेल : रात्री अकराला समोरून येणाऱ्या घोळक्यात झिंगलेला कोणी नसतो. तरी मुंबईच्या मुली आहात, मुंबईत जेवढं भान ठेवता तेवढं ठेवा. निर्जन टोकाला ‘तारे दाखवतो’ म्हणणारे बीचबॉय तिथेही असतात. तारे बघायला कोणाची मदत लागत नाही.

अमावास्येच्या आसपास गेलात तर पाण्याच्या कडेला पाय आपटून बघा. सूक्ष्म जीवांमुळे कधी कधी पावलाभोवती निळा उजेड फुटतो. रोज दिसेलच असं नाही. मला तीन फेऱ्यांत एकदाच दिसला, तोही मुठीएवढा, आणि मी वेड्यासारखी अर्धा तास त्याच जागी उड्या मारत होते.

प्रश्न : आम्ही दोघे निवृत्त शिक्षक, ठाणे. आम्ही घेत नाही, त्यामुळे तो प्रश्नच नाही. पण मालदीवपेक्षा आपलं लक्षद्वीप बरं नाही का? तिथे रात्रीचं वातावरण कसं असतं?

सर, बाई, बरं-वाईट बाजूला ठेवू, वेगळं आहे. छत्तीस बेटं, त्यातल्या दहांवर वस्ती. तिथेही दारूबंदीच, अपवाद बंगाराम या रिसॉर्टच्या बेटाचा. मालदीवला आपल्याला पोचल्यावर व्हिसा मिळतो, आणि आपल्याच देशातल्या लक्षद्वीपला जायला आधी परवाना काढावा लागतो, हे ऐकून आमच्या सोसायटीत एकाने माझ्याशी वाद घातला होता. पण तसंच आहे. बेटं नाजूक, माणसं थोडी, म्हणून.

आम्ही कोचीहून जहाजाने गेलो. त्या सहलीत दिवसा बेटावर न्यायचे आणि संध्याकाळी पुन्हा जहाजावर. त्यामुळे रात्रीचं बेट कसं असतं हे विचारलंत तर माझ्या आठवणीत फक्त दूरवर दिव्यांची एक ओळ आहे. रात्र गेली ती डेकवर. त्रिशूरच्या एका कुटुंबाने डबे उघडले, आम्ही चकल्या काढल्या, आणि भेंड्या सुरू झाल्या त्या मल्याळम विरुद्ध मराठी. ‘ळ’वर दोन्ही पक्ष अडले. रात्री बेटावरच राहायचं असेल तर कदमतसारख्या ठिकाणी मुक्कामाची सहल घ्या, नाहीतर विमानाने अगत्तीला उतरा. मिनिकॉय जमलं तर सोडू नका. तिथली भाषा बाकी लक्षद्वीपसारखी मल्याळम नाही, महल आहे, म्हणजे मालदीवचीच धिवेही. १८८५ चा दीपस्तंभ आहे, आणि त्यांचं लावा नृत्य रंगीत कपड्यांत, ढोलावर चालतं.

तुमची संध्याकाळ चहा, वाचन आणि साडेनऊला झोप अशी असेल तर दोन्हीकडे सुखी राहाल. मालदीवला माणसं जवळून दिसली, इकडे माणशी समुद्र जास्त मिळाला.

प्रश्न : रमजानमध्ये स्वस्त मिळतंय, जावं का?

दिवसा गावातली हॉटेलं बंद, गेस्टहाऊस आपल्या पाहुण्यांना खोलीत किंवा आडोशाला जेवण देतं, रस्त्यात पाणीसुद्धा पिऊ नये. पण रात्र? ती वर्षातली सगळ्यात जागी रात्र! सूर्यास्ताला उपास सुटतो आणि घराघरांतून तळणाचा वास येतो. २०२६ मध्ये रमजान फेब्रुवारीच्या उत्तरार्धात सुरू झाला, दर वर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो, त्यावरून हिशेब करा. लहान मुलं बरोबर असतील तर नको. दोघंच असाल आणि दिवसा झोपायची तयारी असेल तर जा.

प्रश्न : तिथल्या लोकांसाठी मुंबईहून काय न्यावं? लिकर चॉकलेट चालतील का?

वर दारूबद्दल मी काय लिहिलं? नाही चालणार. चिक्की न्या, दमट हवेत मऊ पडते म्हणून घट्ट झाकणाच्या डब्यात. पोरांसाठी पेन्सिली न्या. आणि ठाकूरद्वारला खेळाच्या दुकानात मिळते ती कॅरमची पावडर, मोठा डबा. आम्ही दुसऱ्यांदा गेलो तेव्हा ह्यांनी दोन डबे नेले होते. कस्टमवाल्याने एक उघडला, बोटाला लावून वास घेतला, बोटावर बोट घासलं, आणि हसून अंगठा व तर्जनीने हवेतच स्ट्रायकर मारून दाखवला.